अनोळखी पितरांची ठेव

मृतांचे आपण काही देणे लागतो काय, हा प्रश्न दर वर्षी भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपल्या घरांत येतो आणि पाण्याच्या ओंजळीबरोबर ओसरूनही जातो. पिता, पितामह आणि प्रपितामह ही तीन नावे आपण गोत्रासह उच्चारतो; मातृकुलातील नावे घेतो; मग आप्त, गुरू, स्नेही यांचे स्मरण करतो. नावे संपली तरी विधी मात्र संपत नाही. ज्यांच्यामागे कोणी उरले नाही, ज्यांस पाणी देणारा पुत्र नाही की बांधव नाही, त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडली जाते आणि त्यांच्यासाठी धर्मपिंड ठेवला जातो. पौरोहित्य हीच ज्या घराची वृत्ती आहे अशा घरात आम्ही वाढलो, म्हणून हा क्रम आम्हांस लहानपणापासून पाठ आहे. त्याचा अर्थ विचारण्याची बुद्धी मात्र पुष्कळ उशिरा होते. ती शेवटची ओंजळ नेमकी कोणाची? ज्याचे नाव ठाऊक नाही, गोत्र ठाऊक नाही, ज्याची भाषा कोणती होती हेही आज कोणास सांगता यावयाचे नाही, अशा मृताशी आमचा संबंध ओंजळभर पाण्यापुरताच आहे, की त्याहून काही अधिक आहे?

हा प्रश्न केवळ पोथीतला नव्हे. आपण नानाखेडा आणि त्याच्या आसपासच्या वसाहतींत राहणारी मंडळी उज्जैनच्या दक्षिण अंगाला आहोत. नगराच्या दुसऱ्या टोकास, ईशान्येकडे, वैश्य टेकरी आणि कुम्हार टेकरी या नावांचे दोन प्राचीन उंचवटे आहेत. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्या कारकिर्दीत, सन १९३८-३९ च्या सुमारास, या दोन्ही ठिकाणी उत्खनन झाले. वैश्य टेकरी हा विटांनी बांधलेला प्रचंड बौद्ध स्तूप असल्याचे दिसून आले. कुम्हार टेकरीच्या पोटात निघाली ती माणसे. चाळीसहून अधिक मानवी सांगाडे तेथे मिळाले, आणि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती एक श्मशानभूमी होती, जेथे काही मृतांस पुरीत आणि काहींस जाळीत, असा निष्कर्ष निघाला. ज्या अवंतिकेचे नाव आपण मोक्षदायिनी सप्तपुरींमध्ये घेतो, त्याच अवंतिकेचे हे नागरिक. महाकालाच्या दर्शनास येणाऱ्या लाखो यात्रेकरूंपैकी किती जणांस त्यांचा पत्ता ठाऊक असेल?

कुम्हार टेकरी ही इतिहासाच्या प्रारंभकाळातली. तिच्याहूनही जुनी अशी मृतांची स्थाने पाहावयाची असतील तर आपल्या मराठी मुलखातच, विदर्भाकडे, वळावे लागेल. नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या वाटेवर जुनापाणी नावाचे स्थळ आहे. तेथील माळावर काळ्या धोंड्यांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले आणि त्यांच्या आत माती व लहान दगड यांचा बसका ढीग, अशी त्यांची घडण. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही उघडली. पुढे सन १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. माहुरझरी येथील अशाच वर्तुळांचा अभ्यास डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन १९७० नंतर केला. या ढिगांखाली मानवी अस्थी मिळाल्या. त्यांच्याजवळ लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर व छिन्न्या, काळी-तांबडी मडकी, मणी, घोड्याचे साज आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष घोड्याची हाडेही मिळाली. नायकुंड येथे त्याच लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीचा हा काळ. त्यांचे लेख नाहीत, राजांची नावे नाहीत, कथा नाहीत. आपल्या मृतांस त्यांनी किती निगुतीने निरोप दिला, ही एकच गोष्ट त्यांनी आपल्यासाठी लिहून ठेवली आहे आणि ती दगडांत लिहिली आहे.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. सन १९६८ पासून पुढे अनेक हंगाम डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी तेथे उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक संपूर्ण शेतकरी गाव उजेडात आणले. त्या गावात मेलेल्या तान्ह्या मुलांस गावाबाहेर टाकीत नसत. दोन रांजणांची तोंडे एकमेकांस जुळवून त्यांत ते अर्भक ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. वरती चूल पेटत असे, धान्य कांडले जात असे, दुसरी मुले रांगत असत. मोठ्या माणसांची पावले घोट्यापासून तोडून त्यांस पुरीत. मृताने उठून परत चालत येऊ नये किंवा घर सोडून दूर जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी असा तर्क केला जातो. ही रीत आज आपणांस चमत्कारिक वाटेल. पण आपले मूल आपल्या पायाखालच्या भुईतच राहावे, असे ज्या आईला वाटले तिचे मन समजण्यास काही आपणांस शब्दकोश लागत नाही.

येथे काही वाचक म्हणतील, "हे सर्व खरे, परंतु ही माणसे आपली कशावरून? आपण प्रेतास अग्नी देतो. ज्यांनी मढी पुरली ते कोणी निराळेच लोक. त्यांच्या ढिगाऱ्यांचे ओझे आपण कशासाठी वाहावे?" हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

प्रथम असे की, पुरणे म्हणजे परके, ही समजूतच फार घाईची आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अंत्यविधीच्या सूक्तात भूमीची करुणा भाकलेली आहे, की तिने मृतास सांभाळून घ्यावे, त्याच्यावर भार घालू नये. शतपथब्राह्मणाच्या तेराव्या कांडात तर मृताच्या अस्थींवर मातीचा उंचवटा कसा रचावा, त्याची जागा कशी निवडावी, त्याभोवती दगड कसे लावावेत, याचा सविस्तर विधी सांगितला आहे, आणि त्या उंचवट्यालाच तेथे श्मशान म्हटले आहे. चौकोनी उंचवटा करणारे लोक आणि गोल उंचवटा करणारे लोक असा भेदही त्या ग्रंथात नोंदलेला आहे. म्हणजे आपले याज्ञिक पूर्वज ज्या देशात राहत होते त्या देशात निरनिराळ्या आकारांचे असे उंचवटे होते आणि त्यांतील एक प्रकार खुद्द त्यांचा स्वतःचा होता. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आजही आपण तान्ह्या बाळास अग्नी देत नाही; संन्याशास समाधी देतो; लिंगायत बंधू आपल्या मृतांस भूमीतच ठेवतात. आळंदीस ज्या समाधीपुढे मराठी माणूस सात शतकांहून अधिक काळ माथा टेकीत आला आहे, ती समाधी भूमीच्या पोटातच आहे. आणि कुम्हार टेकरीवर तर दहन व दफन एकाच भूमीत, शेजारी शेजारी होत असे. तेव्हा अग्नी आणि माती यांवरून माणसांची वाटणी करू जाणारास ती भूमीच साथ देणार नाही.

परंतु आमचा खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. समजा, उद्या कोणी निर्विवादपणे सिद्ध केले की कुम्हार टेकरीवरील किंवा जुनापाणीची माणसे आपली कोणीच नव्हती. त्यांचे रक्त, धर्म, भाषा यांपैकी काहीही आपल्यापर्यंत पोचलेले नाही. तेवढ्याने आपले कर्तव्य संपले काय? आम्हांस वाटते, संपले नाही. जे आपले त्याचेच आपण रक्षण करणार असू, तर तो आपुलकीचा व्यवहार झाला. तो चांगला आहे, परंतु त्यास धर्म म्हणण्याइतके त्यात काही कठीण नाही. सन २०२०-२१ मध्ये महाकाल मंदिराच्या परिसरात नव्या बांधकामासाठी खोदत असता जुन्या मंदिराचे अवशेष निघाले, तेव्हा सर्वांनी त्यांची जपणूक करण्याची भाषा केली. ते सहज होते, कारण त्या शिळांवर आपल्या देवतांची चिन्हे होती. शेताच्या कडेला चार हाडे आणि एक फुटके मडके निघाले, तर आपली भाषा कोणती असेल? खरी कसोटी तेथे लागते.

आपल्या धर्मशास्त्रात दोन शब्द आहेत, निधी आणि निक्षेप. दोन्ही गोष्टी पुष्कळदा भूमीतच असतात, दोन्ही दुसऱ्याच्या हाताने ठेवलेल्या असतात. परंतु दोघांचा न्याय अगदी निराळा आहे. निधी म्हणजे ज्याचा धनी कोण हे कळत नाही असे पुरलेले धन. ते सापडल्यास राजास कळवावे, त्याचे वाटे व्हावेत, असे स्मृतिकार सांगतात. सन १८७८ चा भूमिगत धनाविषयीचा कायदाही दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास ते सरकारास कळविण्याची आज्ञा देतो. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव. मनूने सांगितलेल्या व्यवहाराच्या अठरा पदांत तिला स्वतंत्र स्थान आहे. ठेव ज्याच्यापाशी आहे त्याने ती वापरू नये, बदलू नये, नाकारू नये. नाकारील त्यास चोराप्रमाणे शासन सांगितले आहे. निधीचे मोल तो बाहेर काढण्यात आहे. ठेवीचे मोल ती जशीच्या तशी राखण्यात आहे.

मृतांच्या टेकडीस आपण यांपैकी काय समजतो, यावर सर्व अवलंबून आहे. रात्री कुदळ घेऊन जाणारा तिला निधी समजतो. आत सोन्याचा हंडा असेल या आशेने तो ती फोडतो, आणि हाती काळी-तांबडी खापरे आली म्हणजे चिडून फेकून देतो. भरावाच्या मातीसाठी गाड्या भरणारा आणि पायासाठी धोंडे उचलणारा हेही तिला निधीच समजतात. केवळ त्यांची आशा थोडकी असते. हडप्प्याच्या प्राचीन नगरीच्या विटा गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात लाहोर–मुलतान लोहमार्गाखाली खडीप्रमाणे घातल्या गेल्या, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या विटा उचलणारांनी कोणाचे काही चोरले असे त्यांस स्वप्नातही वाटले नसेल. धनी दिसत नव्हता, एवढेच.

आमच्या मते ही टेकडी निक्षेप आहे. ज्या कुटुंबाने आपला माणूस तेथे आणला, त्याच्या उशाशी मडके ठेवले, हाताशी त्याची कुऱ्हाड ठेवली, वर माती ओढली आणि भोवती धोंडे मांडले, त्या कुटुंबापाशी पहारेकरी नव्हता, दस्तऐवज नव्हता. आपल्यामागून या भूमीवर जो कोणी येईल तो हे असेच राहू देईल, या एकाच भरवशावर ते घरी परत गेले. तो भरवसा ज्यांच्यावर ठेवला ते मागून येणारे लोक म्हणजे आपण. आम्ही ही ठेव कधी स्वीकारली, असे कोणी विचारील. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण तरी आपण कधी स्वीकारले होते? जन्माबरोबर ती माथी येतात असे आपण मानतो. शतपथब्राह्मणात या तिन्हींच्या जोडीस मनुष्यांचे ऋण हे चौथेही सांगितले आहे, आणि त्यात गोत्राची अट घातलेली नाही.

शिवाय आपणही अशीच ठेव जागोजाग ठेवून बसलो आहोत, हे विसरून चालणार नाही. आपण माळव्यातील मराठी माणसे येथे शिंद्यांच्या आणि होळकरांच्या मागोमाग आलो. नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे पहिल्या बाजीराव पेशव्यांची समाधी आहे. सन १७४० मध्ये तेथे त्यांचा देह पडला. आज तिच्या आसपास राहणारे, तिच्यावर पाय पडू न देणारे लोक पुण्याचे नव्हेत, निमाडचे आहेत. सन १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर जे हजारो मराठे पडले, त्यांतील बहुतेकांची नावे त्यांच्या घरच्यांसही पुढे उरली नाहीत. ज्या शेतांत ते पडले ती शेते परक्या मुलखातील शेतकरी नांगरतात, आणि काला आंब येथील स्मारक हरियाणातील लोकांच्या शेजारात उभे आहे. त्यांनी ते राखावे, असे आपणांस मनापासून वाटते. कोणी त्याचा दगड उचलून नेला तर आपणांस संताप येईल. मग जो न्याय आपण पानिपतच्या शेतकऱ्याकडून अपेक्षितो, तोच कुम्हार टेकरीच्या बाबतीत आपण स्वतः पाळावयास नको काय?

यावर दोन शंका निघतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिली शंका अशी की, मृतांस स्वस्थ ठेवणे हाच धर्म असेल, तर पुरातत्त्वज्ञांनी तरी त्यांस का उकरावे? या शंकेत तथ्य आहे. उत्खनन हाही एक प्रकारचा नाशच असतो, कारण एकदा उकललेला थर पुन्हा पूर्ववत् रचता येत नाही. जाणते पुरातत्त्वज्ञ हे स्वतःच सांगतात. परंतु ज्यांस बोलता येत नाही त्यांच्या वतीने कोणी बोलावे लागते. इनामगावच्या त्या आईचे मन आपणांस कळले ते त्या विद्वानांनी ब्रशने माती झाडून प्रत्येक रांजणाची नोंद केली म्हणून. याच उज्जैनमध्ये राहून ज्यांनी आयुष्यभर ही साधना केली, त्या विष्णु श्रीधर तथा हरिभाऊ वाकणकरांनी सन १९५७ मध्ये भीमबेटकाच्या गुहाचित्रांचा शोध लावला आणि पुढे आपल्या जिल्ह्यातील कायथा येथील चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. ठेव मोजून पाहणे, तिची यादी करणे आणि ती पुन्हा जपून ठेवणे हे विश्वस्ताचे कामच आहे. मात्र त्यास मर्यादा हवी. जेवढे जाणून घेण्यास आवश्यक तेवढेच उकलावे, काही भाग पुढच्या पिढीच्या अधिक चांगल्या साधनांसाठी अस्पर्श ठेवावा, आणि मिळालेल्या अस्थी हा केवळ संग्रहाचा माल समजू नये. अमेरिकेत सन १९९० मध्ये असा कायदा झाला की, तेथील मूळ रहिवाशांच्या ज्या अस्थी सरकारी मदतीच्या संग्रहालयांत पडून आहेत त्या त्यांच्या वंशजांस अथवा जमातींस परत कराव्यात. आपल्या टेकडीवरील मृतांचे वंशज कोणास दाखविता यावयाचे नाहीत. म्हणूनच तेथे वंशजांची अदब आपण सर्वांनी मिळून राखली पाहिजे.

दुसरी शंका अधिक टोचणारी आहे. जिवंत माणसास राहावयास जागा नाही आणि तुम्ही मेलेल्यांसाठी भूमी अडवून ठेवता काय? आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांनी पोटास चिमटा घेऊन घरासाठी जागा घेतली आहे. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा अधिकार कोणास नाही. सन १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात सन २०१० मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्थळाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीवाचून करता येत नाही. कायद्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु ज्याची दोन बिघे जमीन त्या रेषेत सापडली, त्याच्या एकट्याच्या डोक्यावर सर्व राष्ट्राच्या वारशाचा भार पडतो, हेही खरे आहे. लाभ सर्वांचा आणि तोटा एकाचा, हा न्याय नव्हे. अशा मनुष्यास मोबदला मिळावा, बदली जमीन मिळावी, त्याचे अर्ज वर्षानुवर्षे धूळ खात पडू नयेत, यासाठी ज्यांस वारशाचा कळवळा आहे त्यांनीच सर्वांत आधी बोलले पाहिजे. वारशाचे व्याख्यान द्यावयाचे आणि त्याची किंमत मात्र शेजाऱ्याने मोजावयाची, हा दंभ होईल.

आणि जिवंत व मृत यांचा एकत्र संसार अशक्य आहे असेही नाही. बहरीनच्या बेटावर चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमून लोकांच्या थडग्यांचे हजारो उंचवटे आहेत. त्या दिलमूनचा व्यापार आपल्या सिंधू संस्कृतीशी होता. तेथेही नगरे वाढली, रस्ते झाले आणि पुष्कळ उंचवटे नाहीसे झाले. आली या गावच्या कुंभारांनी तर अशा उंचवट्यांतच आपल्या भट्ट्या घातल्या. तरीही जे उरले होते त्यांतील २१ स्थळे सन २०१९ मध्ये जागतिक वारशात नोंदली गेली, आणि गाव व उंचवटे आज एकमेकांच्या शेजारी आहेत. सर्व भूमी मृतांस द्यावी असे कोणीच म्हणत नाही. जी थोडकी उरली आहे ती तरी राहू द्यावी, एवढेच मागणे आहे.

आता एक गोष्ट अशी सांगावयाची आहे, जी मंदिराच्या पत्रिकेत सांगताना आम्हांस थोडा संकोच होतो. उंचवट्यांचा नाश केवळ कुदळीने होतो असे नाही, शेंदरानेही होतो. एखाद्या प्राचीन टेकडीवरचा धोंडा कोणी उभा करतो, त्यास शेंदूर फासतो, नारळ फोडतो. पुढच्या वर्षी तेथे ओटा होतो, त्याच्या पुढच्या वर्षी पत्र्याचे छप्पर, मग फरशी, मग घुमट. ओट्याच्या पायासाठी जे खणले जाते त्यात कोणाची डोकी आणि कोणाचे हात होते, हे कोणी पाहत नाही. पूर्वी अशा जागी म्हसोबा किंवा वेताळ आहे, भुतांचा वावर आहे, अशी भीती होती आणि त्या भीतीने कित्येक ढीग वाचविले, हे आम्ही मान्य करतो. ती भक्ती दुरून हात जोडणारी होती. आजची भक्ती सिमेंटचे पोते घेऊन येते. ज्यांच्यापाशी गेल्या हजारो वर्षांत कोणी काही मागितले नाही, त्यांच्या छातीवर आपले देवस्थान उभारून आपल्या देवास काय आनंद होणार आहे? अवंतिकेत देवळांस जागेची वाण नाही. परक्याच्या ठेवीवर उभारलेले देऊळ पुण्याचे होईल असे आम्हांस कोणत्याही शास्त्रात आढळलेले नाही, आणि पुरोहितांच्या घरांनी हे स्पष्टपणे सांगावे अशी आमची नम्र धारणा आहे.

कायदा आपल्या परीने काम करतो. सन १९५८ च्या त्या कायद्यात प्राचीन स्मारकाची व्याख्या करताना इमारती, लेणी, शिलालेख यांच्या जोडीस मृतांचे उंचवटे आणि दफनस्थाने यांचाही नावानिशी समावेश आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस करणारास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सन १९७६ मध्ये राज्यघटनेत नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे एक आहे. परंतु जी हजारो स्थळे कोणत्याही यादीत नाहीत, जी एखाद्याच्या शेतात, नव्या वसाहतीच्या आखणीत किंवा रस्त्याच्या भरावात आहेत, त्यांच्यापाशी कायद्याचा शिपाई पोचण्याच्या आधी आपण पोचलेले असतो. सन २०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे आणि नगराच्या सर्व दिशांस कामे वाढत आहेत. अशा वेळी पाया खणताना काळी-तांबडी खापरे, मण्यांची रास किंवा अस्थी दिसल्यास एक दिवस कुदळ थांबवावी, काही हलवू नये, तहसील कचेरीत अथवा पुरातत्त्व खात्यास कळवावे, इतके तर प्रत्येक कुटुंबास करता येईल. एका दिवसाच्या मजुरीचे नुकसान होईल. ठेव राखणारास तेवढा खर्च शास्त्रानेही माफ केलेला नाही.

आमची एक सूचना आहे. सर्वपित्री अमावस्येस शिप्रेवर तर्पण आटोपल्यावर आपल्या मंडळींनी, विशेषतः मुलांस बरोबर घेऊन, कधी कुम्हार टेकरीपर्यंत जावे. तेथे कोणताही विधी करू नये. त्या मृतांचे विधी त्यांच्या माणसांनी त्यांच्या रीतीने तेव्हाच पूर्ण केले आहेत. त्यावर आपल्या मंत्रांची भर घालण्याचा आपणांस अधिकार नाही आणि त्याची त्यांस गरजही नाही. कागद, बाटल्या, प्लॅस्टिक पडले असेल तर उचलावे. मुलांनी विचारले, "येथे कोण आहे?" तर सांगावे की आपल्याआधी या गावात राहत होती ती माणसे आहेत, आणि त्यांनी आपल्यावर एक काम सोपविले आहे. धर्मपिंड आपल्या पानावर ठेवावा, ओंजळ आपल्या नदीत सोडावी. त्यांच्या भूमीवर मात्र त्यांस स्वस्थ असू द्यावे. अनोळखी पितरांचे याहून मोठे श्राद्ध आम्हांस ठाऊक नाही.